उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर

माझी सून भालकीत घरी बसून सिनेमाचं काम करते म्हटलं की लोकांना खोटंच वाटतं. हैद्राबादच्या कंपनीकडून तिला चित्रं येतात. माणसं एकीकडं घेतलेली, मागचं देऊळ भलतीकडंच. ती सगळं एकात एक बसवते, तेही दोनदा, डाव्या डोळ्यासाठी निराळं न् उजव्यासाठी निराळं. वर चष्मा लावला की पडद्यातली वस्तू पार नाकापाशी येते बघा.

पहिल्याच कामाला कंपनीनं सांगितलेलं, हा तुकडा पसंत पडला तर घरून करा, न्हाईतर हैद्राबादला राहायला या. माझा जीव टांगणीला. ती गेल्यावर मी बोलायचं कुणाशी?

तुकड्यात एक बाई आरतीचं ताट पुढं करते. सुनेनं मला चष्मा दिला. तिचं माहेर कानडी, मला अत्ती म्हणते.

"अत्ती, कसं दिसायलंय?"

"डोळे ओढायलेत गं. ताट जरा पुढं ढकल."

तिनं सरकवलं, तर ताट माझ्या अंगावरच आलं!

"अगं, मला ओवाळायलीस का काय!"

"तुम्हीच पुढं म्हणलात की! पुढं म्हणजे कुणाच्या, तुमच्या का त्या बाईच्या?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग दोघींनी ठरवलं, पडदा म्हणजे उंबरा. खोल दिसतं ते आत, आपल्याकडं येतं ते बाहेर. दोन्ही चित्रं एकमेकांवरून जराशी सरकवली की सगळंच आत-बाहेर होतं. उंबऱ्यावर कोण थांबणार, ते ती ठरवते.

तरी डोळ्याला काहीतरी खुपतच होतं. बाईचं कोपर पडद्याच्या कडेनं कापलेलं.

"हात बाहेर न् बाई आत? उंबऱ्यावरून कुणी देतं का काही? एकतर आत घे, न्हाईतर सगळीच बाहेर येऊ दे."

"व्हय अत्ती, कडेचंच दुखणं हाय ते. मी ताटाकडंच बघत बसले."

तिनं बाई, ताट, सगळं आत ओढलं. तिथं ताट पापडासारखं चपटं वाटायलं, म्हणून त्याला तेवढा वेगळा खोलपणा दिला. निरांजन अलीकडं, ताटाची कड पलीकडं. डोळे कसे निवले माझे!

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, पसंत. तिनं हैद्राबादसाठी बॅग खाली काढून ठेवली होती. ती उचलून मीच कपाटावर टाकली. कंबरेत कळ आली, पण सुनेला हात लावू दिला न्हाई.