मोहोळच्या सुभेदारांना दाखवायचे बूट

आता हसायचंच असेल तर आधी कप खाली ठेवा, म्हणजे चहा सांडायला नको. माझी सख्खी मेव्हणी अजून मला बघितलं की पदर तोंडाला लावून आत पळते. आणि चूक कुणाची? माझीच. शंभर टक्के माझी!

तुम्हाला तर माहीतच आहे, सोलापूरच्या नवी पेठेत साड्यांच्या दुकानात गादीवर बसून माझं अर्धं आयुष्य गेलं. गादीवरच्या माणसाचा बुटाशी काय संबंध हो? सकाळी चपला पायरीखाली सारायच्या, की रात्री दुकान बंद होईपर्यंत अनवाणी. बूट म्हणजे साहेब लोकांनी घालायची गोष्ट, असं मी धरून चाललो होतो.

पण आमच्या श्रद्धानं मोहोळचा मुलगा पसंत केला. तिच्याच ऑफिसातला, रोहित नाव. पोरगा सोन्यासारखा. वडील मात्र सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार! मुलाचं घर बघायला मी आणि ही, दोघांनीच जायचं ठरलं. आदल्या आठवड्यात श्रद्धानं मला समोर बसवलं. मी बाप आहे की ती, तेच मला कळेना.

"पप्पा, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. एक, रोहितचे बाबा माणसाचे बूट बघतात. मळके बूट दिसले की माणूस त्यांच्या मनातून उतरला."

"बरं. दुसरी?"

"रिकाम्या हातानं जायचं. काही म्हणजे काही न्यायचं नाही. रोहितच्या चुलतभावाला सांगून आलेल्या लोकांनी मिक्सर आणला होता. सुभेदारांनी मिक्सर आणि माणसं, दोन्ही चहा न देता परत पाठवली."

"अय्यय्यो!" आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली. "पेढ्याचा पुडासुद्धा नाही? रिकामं कसं जायचं की लोकांच्या घरी?"

"आई, पेढासुद्धा नाही. माझं लग्न तिथं व्हावं असं वाटतं ना तुम्हाला?" श्रद्धा हसत म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरले होते. आणि तिथंच मी मनावर घेतलं. मी म्हणजे कसा आहे? गिऱ्हाईक उठून दाराशी पोचलं तरी मी साडी उलगडतच असतो. पोरीचं लग्न बुटावर अडलंय ना? मग असे बूट करतो की सुभेदारांनी त्यात मिशी विंचरावी!

काळे बूट घेतले. साध्या ब्रशनं घासून बघितले, पण माझं समाधान होईना. आणि त्याच आठवड्यात जुन्या सामानाच्या एका गाड्यावर मला ते यंत्र दिसलं. लाकडी पाट, त्यावर लोखंडी दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन गोल ब्रश, आणि फिरवायला हँडल. एका ब्रशनं पॉलिश लावायचं, दुसऱ्यानं चमक काढायची. वीज नको, काही नको. वजन मात्र पाट्या-वरवंट्याएवढं.

"अण्णा, एक सांगतो," गाडेवाला म्हणाला, "हँडल पुढंच फिरवायचं. मागं फिरवायचं न्हाय."

"फिरवलं तर?"

"फिरवूच नका की!"

आता असं सांगितल्यावर कुणाचा हात राहील? घरी आलो, अंगणात पाट मांडला, पॉलिश भरलं आणि हँडल मागं फिरवलं. ब्रशनं सगळं पॉलिश समोर उडवलं. समोर हिचे पापड वाळत होते.

संध्याकाळी ही पापड उचलायला गेली आणि तिथंच उभी राहिली. "अहो, मी पापडात तीळ कधी घातले?"

त्या दिवसापासून हँडल पुढंच. रोज सकाळी आंघोळीच्या आधी बसायचो. उजवा खांदा भरून आला, तेल लावून घेतलं आणि पुन्हा बसलो. ही म्हणायची, "एवढं जातं फिरवलं असतं तर शुक्रवार पेठेला पीठ पुरलं असतं." म्हणू दे. बुटात मला माझ्या दाढीचे खुंट दिसायला लागले होते.

जायचा दिवस आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एसटीनं जायचं! एसटीत बुटाचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला हवं का? एक गडी पाय देणार, एक पोतं घासणार, शिवाय हायवेची धूळ. सगळी मेहनत वेशीबाहेरचं बाळे गाव मागं पडायच्या आत मातीत.

पण मी मागं हटलो नाही. हिनं गादीखाली आमच्याच दुकानाच्या जुन्या कॅरीबॅगा साठवल्यात, प्लास्टिकबंदीच्या आधीच्या. त्यातल्या दोन काढल्या, बुटावरून घातल्या, घोट्याला रबरबँड लावले. आणि तरी धूळ गेलीच आत तर? म्हणून यंत्रही बरोबर घेतलं!

"रिकाम्या हातानं जायचंय ना?" ही म्हणाली.

"मग? हे काय कुणाला द्यायचंय? स्टँडवर उतरायचं, टपरीच्या आडोशाला बसायचं, पिशव्या काढायच्या, हँडलचे दहा फेरे मारायचे. यंत्र टपरीवाल्याकडे ठेवायचं आणि रिकाम्या हातानं घरी जायचं. येताना उचलायचं."

"मग उघडं तरी नेऊ नका. मेल्या ब्रशांकडे बघून लोक काय म्हणतील?" असं म्हणून हिनं ते चादरीत बांधलं. आता सोलापुरात काहीही बांधायचं तर चादरच हाताला येणार. पण हिच्या हाताला आली ती नवी कोरी, मोरांची!

एसटीत माझे पाय बघून एका बाईनं उठून जागा दिली. "बसा काका, पायाला लई लागलंय वाटतं." मी बसलो. खोटं कुठं बोललो? फक्त बसलो.

मोहोळ आलं. दार उघडलं. आणि दारात कोण उभा? रोहित! आम्हाला न्यायला खास स्टँडवर आलेला!

टपरी गेली. आडोसा गेला. दहा फेरे गेले.

"काका, द्या ते इकडं," म्हणून त्यानं गाठोड्याला हात घातला.

"नको, नको! माझं मी घेतो!" मी गाठोडं छातीशी धरलं आणि वर हनुवटी दाबली. घर स्टँडपासून जवळच, म्हणून चालत निघालो. ही लाजेनं चार पावलं पुढं, रोहित तिच्याबरोबर. गाठोड्यामुळं मला पायाखालचं काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं, चर्र, चर्र, चर्र. मला वाटलं, वा! नवा बूट वाजतोय! बाजारातली माणसं वळून वळून बघत होती. मी म्हटलं, बघा लेको, चमक बघा. आणि आणखी ताठ चाललो.

दारात सुभेदार. उंचेपुरे, पांढऱ्या शुभ्र मिशा, पांढरा शर्ट. "या या, पावणं," म्हणाले. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टाचेनं टाच दाबून बूट पायरीवर काढले आणि आत गेलो. आत गेल्यावर सुभेदारांची नजर कुठं? गाठोड्यावर.

"ह्ये काय हाय?"

"काही नाही."

"काय न्हाय? एवढं मोठं काय न्हाय?"

"म्हणजे आहे, पण ते आमचंच आहे."

"तुमचं हाय तर आमच्या घरात कशाला?"

"परत न्यायला!"

तेवढ्यात सुभेदारीणबाई आतून आल्या, मोरांची चादर बघितली आणि बिचारीनं रीतीप्रमाणं गाठोड्याला हळदीकुंकू लावलं. शेजारच्या दोन बायका दाराशी आल्याच होत्या. एक म्हणाली, "शिलाई मशीन असंल." दुसरी म्हणाली, "न्हाय गं, जड हाय, देवाची मूर्ती असंल."

शिलाई मशीन म्हटल्याबरोबर सुभेदारांचा चेहरा असा झाला की मी बसलेला उठून उभा राहिलो.

"पावणं," ते अगदी हळू बोलले, "माझ्या थोरल्या बहिणीला एका शिलाई मशीनपायी सासरच्यांनी अख्खा पावसाळा म्हायेरी बसवलं हुतं. म्या बारका हुतो. ती रोज वाटंकडं बघत बसायची. तवाच ठरवलं, आपल्या दारात कुणाच्या लेकीबरुबर वस्तू यायची न्हाय. तुमच्या पोरीनं सांगितलं न्हाय तुमाला?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"सांगून बी आणलं! मग च्या घ्या आन् निघा. रोहित, पावण्यांना स्टँडवर सोड."

रोहित भिंतीला टेकला. मला डोळ्यांसमोर श्रद्धा दिसली, घरात फोन हातात धरून बसलेली. पोरीचं लग्न मी मोडलं! त्या माणसाचं दुःख खरं, त्याचा राग खरा, आणि मी? हे बूट पुसायचं यंत्र आहे असं म्हणायलाही माझी जीभ रेटेना.

ते बघून आमची ही उठली. तिनं पदर खोचला आणि चादरीची गाठ सोडली.

"सुभेदारसाहेब, हा हुंडा नव्हे. ही आमच्या ह्यांची अक्कल आहे. तुम्हीच बघा!"

चादर बाजूला झाली. दोन ब्रश, एक हँडल. शेजारच्या बायका पुढं सरकल्या. कुणालाच काही कळेना.

"ह्ये काय यंत्र?" सुभेदार खाली वाकले. "कशाला लागतंय?" आणि त्यांनी हँडलला हात घातला.

"सुभेदारसाहेब, पुढं फिरवा! मागं नको..."

मागंच फिरवलं त्यांनी! सकाळचं पॉलिश ब्रशात तसंच भरलेलं. फर्रर्र! शर्टावर ठिपके, गालावर ठिपके, आणि त्या पांढऱ्या शुभ्र मिशीवर काळे ठिपके. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला म्हटलं, बाबा, आता तूच बघ.

आणि सुभेदारीणबाईंच्या तोंडून फुटलं, "अगं बया! लगीन ठरायच्या आधीच व्याह्यांनी कलप लावला की ओ तुमाला!"

शेजारच्या बायका हसल्या, रोहित हसला. सुभेदारांनी मिशीवरनं बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. "ह्ये तर बुटाचं पॉलिश हाय!"

मग काय, हिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. श्रद्धाचे शब्द, पापड, खांद्याला तेल, टपरीमागचे दहा फेरे. काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. मी जमिनीकडे बघत बसलो होतो. शेवटी म्हणाली, "माझ्या पोरीला ह्या घरात यायचंय. म्हणून हा माणूस वेड्यासारखा रोज हँडल फिरवत होता. द्यायला काही आणलं नाही हो आम्ही. फक्त बूट दाखवायचे होते तुम्हाला."

सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्यासाठी एवढं केलं?"

"हो," मी म्हणालो.

"मग कुटं हायत ते बूट? बघू तरी!"

आला की नाही क्षण! माझ्या अंगात वारं शिरलं. एवढं सगळं झालं तरी बूट तर होतेच ना! "चला," मी म्हणालो, "बाहेर आहेत पायरीवर. तोंड दिसतं त्यात, तोंड!" मी पुढं, मागं सुभेदार, सुभेदारीणबाई, रोहित, आमची ही, शेजारच्या दोघी. मी हात लांब करून पायरी दाखवली.

पायरीवर काय होतं?

आमच्या दुकानाच्या दोन कॅरीबॅगा! रबरबँडसकट!

अहो, रोहितला बघून गडबडलो आणि काढायच्याच राहिल्या! त्या पिशव्या घालून मी मोहोळचा बाजार छाती काढून पार केला होता! चर्र चर्र वाजत होतं ते कातडं नव्हतं हो, ते प्लास्टिक होतं!

"काका, मला वाटलं तुमच्या पायाला काही झालंय," रोहित पुटपुटला. "म्हणून विचारलं नाही."

सुभेदार पायरीवर उकिडवे बसले. खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला. डाव्या बुटावरची छापील अक्षरं मोठ्यानं वाचली, "लग्नाचा बस्ता आमच्याकडेच!" मग उजव्या बुटाकडे वळले. "एकदा अवश्य भेट द्या!"

चष्मा काढला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की दुखरा खांदा कळवळला. "येतो की, व्याही! पण बस्ता निम्मा आमचा, निम्मा तुमचा. आन् ते यंत्र तेवढं घिऊन जावा, आमच्या घरात वस्तू चालत न्हाय."

व्याही म्हणाले, ऐकलंत ना? मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? डोळे पुसत खाली वाकलो आणि पिशव्या तरी काढाव्यात म्हणून ओढल्या. उन्हानं आत पॉलिश वितळलेलं. सगळी चमक पिशव्यांच्या आतल्या बाजूला लागलेली, आणि बूट आठवडी बाजारात वापरल्यासारखे.

परतीच्या एसटीत बसतोय तोवर श्रद्धाचा फोन. "पप्पा, काय झालं? बूट बघितले का त्यांनी?"

"बघितले?" मी म्हणालो, "अगं, चष्मा लावून मोठ्यानं वाचून काढले!"