"येतो" म्हणून गेलेला माणूस

मंडळी, आज माटुंग्याला माझ्या मित्राची, संदीपची, शॉर्टफिल्म बघून आले. डोकं अजून तापलेलंय.

फिल्मची मूळ गोष्ट मीच लिहिलेली आहे. लालबागच्या चाळीतला नवरा कामाला निघताना नेहमीसारखं "येतो गं" म्हणतो आणि त्याच दुपारी अपघातात जातो. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर दाराची कडी वाजते. बाहेरून त्याचा शांत आवाज येतो, "म्हटलं होतं ना, येतो म्हणून?" बस्, गोष्ट संपली.

फिल्ममध्ये मात्र लाइट जातात, पांढरे डोळे दिसतात, आणि नवरा गरजतो, "मी परत आलोय!"

शो संपल्यावर चहा पिताना मी संदीपला सरळ सांगितलं, "माझं भूत दिल्या शब्दाला जागणारं होतं रे. तू त्याला व्हिलन केलंस. सगळी भीती त्या प्रेमळ शब्दात होती, तीच कापलीस."

"पब्लिकला घाबरवायला लागतं गं! एका शब्दाला कोण घाबरतं?" तो चिडून उठला, बॅग उचलली आणि सवयीने म्हणाला, "चल, येतो."

म्हणताक्षणी तो स्वतःच दचकला आणि त्याने बॅग परत खाली ठेवली.

मग तो हळूच म्हणाला, "शेवट परत शूट करू या."

घरातून निघताना कोणी "जातो" म्हणालं की आपण ओरडतो. "येतो" म्हणणाऱ्याला तुम्ही कधी घाबरलायत?