वांगं द्यायच्या आधी

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून वांगी तोडली. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ती पुढं, मी पाटी घेऊन मागं. तोडता तोडता ती एक वांगं कच्चंच चावत होती आणि मी म्हणत होतो, "अगं, पाटीत बी टाक की दोन-चार." असं रोजचंच. पण एक आधीच सांगून ठेवतो. पैसे हातात धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या पिशवीनं परत पाठवणारी बाई निपाणीपासून पार लोंढ्यापर्यंत एकच झाली, आणि ती माझ्या नशिबी आली होती. आमची मालकीण. नाव घेत नाही. जिवंतपणी घेतलं नाही, आता कशाला.

तिला चावायची खोड होती. रानात शिरली की दिसेल ते तोंडात. भेंडी, गवार, कोवळा मुळा, वांगंसुद्धा. लोकांना वाटतं, ह्या घरानं तंबाखूचं पीक सोडून बिनऔषधाची भाजी धरली म्हणजे लई मोठा विचार केला असणार. विचार-बिचार काही केला नाही. थोरला पोरगा बेळगावात कसलं शिबिर करून चार कागद घेऊन आला, ते खरं. पण ही फवारलेल्या रानातनं चावत फिरणार, आणि तिला अडवायची घरात कुणाची छाती नव्हती. तिची खोड सुटेना म्हणून औषध सुटलं, एवढंच. फवारायचा पंप घासून घासून धुतला आणि त्यात आंबट ताक भरलं. त्या वर्षी आमची म्हैस अर्धं दूध आम्हाला आणि अर्धं भेंडीला देत होती.

शिकताना चुकाही झाल्या. सगळा जन्म तंबाखूत गेलेला, डोकं तिकडंच पळणार. वांग्यावर अळी आली तेव्हा मी म्हटलं, तंबाखू म्हणजे पालाच की, औषध थोडंच आहे. पाला भिजत घातला आणि त्याचं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी हिनं वांगं चावलं, थुंकलं आणि बांधावरनं हाळी दिली, "अवं, ह्या वांग्यांनी मिशरी लावलिया. ह्यांस्नी आधी चूळ भराय लावा." सगळ्या शिवारानं ऐकलं. पुढं कितीतरी दिवस बाजारात मला कुणी वांगी कशी दिली म्हणून विचारलं नाही. मिशरी कशी दिली म्हणून विचारायचे.

पण तिची खरी तऱ्हा बाजारातच बघावी. सून कांदा-लसूण चटणीच्या पुड्या बांधायची, थोरल्यानं 'बिनऔषधाची भाजी' अशी रंगीत फळी लावलेली, तराजू माझ्याकडं. गिऱ्हाइकानं वांग्याकडं बोट केलं की ही पाटीवर हात ठेवायची. "कसं करणार?" भेंडीला विचारायची नाही, दोडक्याला नाही, फक्त वांग्याला. उत्तर पटलं तर एकेक निवडून द्यायची, वर मूठभर कोथिंबीर. नाही पटलं तर पाटीवर फडकं. एकदा हायवेवरनं मोटार वळून आली. बेळगावच्या कुणी बाई होत्या, शिकलेल्या, चांगल्या घरच्या.

"हे ऑरगॅनिक आहे का?" त्यांनी विचारलं.

"हे वांगं हाय. कसं करणार?"

बाई हसल्या. "आमची स्वयंपाकीण करते काहीतरी."

"मग तिला लावून द्या," ही म्हणाली आणि फडकं टाकलं. मी तराजूचा काटा बघत बसलो. पुढच्या बाजाराला खरंच ती स्वयंपाकीण आली. कानडी बोलणारी. दोघींचं कानडीत असं जमलं की तेवढ्यात माझी बाकीची गिऱ्हाइकं उठून गेली. आणि परत पाठवलेल्या बायकाही रागावून बसायच्या नाहीत, उलट घरी जाऊन उत्तर तयार करून यायच्या. येताना चटणीची पुडी मागायच्या.

थोरल्याला हे पटायचं नाही. "आई, गिऱ्हाईक पैसे देतंय. मग त्यानं वांगं शिजवू दे न्हायतर गटारात टाकू दे. आपुन धंदा कराय बसलोय."

"तुझी भन दिली तवा पावण्यांची चवकशी केलती का न्हाय?"

"ती भन हाय, आई."

"आन हे काय आपोआप वाढलंय व्हय रं?"

मला मात्र भीती वाटायची. तंबाखू सोडलेली, परत धरायला तोंड नव्हतं. माल उरला की घरी येताना मी गुरगुरायचो, "तुझ्या त्या इचारण्यापायी एक दिवस दुकान बसंल." ती शांतपणे म्हणायची, "तुमी नुसतं वजन करता. एकदा इचारून बघा, मानूस कळतंय." मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या गड्यानं भर बाजारात बायकांना वांगं कसं करणार म्हणून विचारायचं, ते मला जमण्यातलं नव्हतं.

सगळ्यात हाल झाले ते शेजारच्या आक्काचे. आमची-त्यांची भिंत एकच, दोघी बरोबरीनं नांदलेल्या. पण आक्का भरल्या वांग्यात टोमॅटो घालायची. ही एकदा तिच्याकडं जेवली आणि घरी येऊन म्हणाली, "वांगं बुडवून मारलंय बाईनं." त्या दिवसापासून आक्काला आमचं वांगं बंद. भेंडी फुकट, ताक फुकट, आजारपणात उशाला जाऊन बसणार, पण वांगं नाही. आक्काही काही कमी नव्हती. दुसऱ्याची वांगी विकत घेऊन, पिशवीचं तोंड उघडं धरून आमच्या दारावरनं जायची.

"टोमॅटो इसरलीस काय गं?" ही सोप्यातनं विचारायची.

"दोन किलो घेतल्यात," आक्का न थांबता म्हणायची.

तर बाजाराच्या आदल्या त्या दिवशी वांगी तोडून झाली. दोन पाट्या भरल्या. तिनंच ओल्या फडक्यानं झाकून सोप्यात ठेवल्या. जेवली, म्हणाली जरा पडते, चहाला उठवा. चहाला उठवायला गेलो. आणखी काय लिहू. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात माणसं बसलेली आणि पाट्या तिथंच. बाजाराचा दिवस, पण सुतकातला माल बाजारात न्यायचा नाही. घरात चूल पेटवायची नाही. आक्का चहाची किटली घेऊन आली. सगळ्यांना चहा दिला. मग पाटीवरचं फडकं उचलून बघितलं.

"आप्पा, वाळून जातील ही. माझ्या चुलीवर करून आणू का समद्यांस्नी?" तिनं मला विचारलं.

"न्या की आक्का, इचारताय काय," थोरला म्हणाला.

मी पाटीवर हात ठेवला. "कसं करणार?"

बसलेली माणसं माझ्याकडं बघायला लागली. थोरला हळूच म्हणाला, "आप्पा, चला, जरा आत पडा." आक्का मात्र जागची हलली नाही. तिनं किटली खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले.

"सुतकाचं हाय, फोडणी चालायची न्हाय. इंगळावर भाजीन. वर मीठ आन कच्चं त्याल."

"आन टोमॅटो?"

"न्हाय घालत."

मी उठलो आणि पाटी तिच्या डोक्यावर उचलून दिली.