पाठीची खबर

कमरेचे दोन मणके स्क्रूने जोडून घेतल्याला आठ महिने झाले. पायात उतरणारी कळ थांबली, पण चार पोळ्या लाटेपर्यंत पाठ भरून येते. डॉक्टरांनी नवा एमआरआय दाखवला. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, गडद स्नायूंमध्ये, पांढुरक्या रेघा पसरल्या होत्या.

"हाड छान जुळलंय," ते म्हणाले. "पण ऑपरेशनमध्ये हे स्नायू बाजूला सारावे लागतात, आणि नंतर तिथली हालचालच थांबते. काम कमी झालं की ते बारीक होतात, मध्ये चरबी भरते. उरलेले व्यायामानं सुधारतील."

म्हणून काल फिजिओथेरपीला गेले. तिथल्या मुलीनं मला पालथं झोपवलं आणि व्रणाशेजारी दोन बोटं टेकवली. "काकू, आतून हलकेच माझी बोटं वर ढकला."

हे गेल्यापासून सहा वर्षांत, ड्रेसिंग करणाऱ्यांचे हातमोजे सोडले तर, माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. बामसुद्धा मी उलथन्याला फडकं गुंडाळून लावते. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. तिची खबर दुसऱ्या कुणीतरीच द्यायची असते.

"हं, हललं," ती म्हणाली. "बारीकसं लागलं बोटाला."

दहा वेळा झाल्यावर तिनं हात उचलला. "आता घरी करत राहा."

"घरी कळणार कसं, हललं की नाही ते?"

बोटं पुन्हा तिथंच ठेवून ती म्हणाली, "बरं, अजून पाच."

ते पाच मी जमेल तितके सावकाश केले.