माघारी न फिरणारे भालेराव

विश्रांतवाडीत कचरू भालेराव या नावाची दोन माणसं राहतात. त्यामुळे पत्ता विचारणाऱ्याला आधी एक प्रश्न ऐकावा लागतो, "कुठले? माघारी न फिरणारे का?" आपले भालेराव ते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, उंचीने बेताचे आणि आवाजाने भरपूर. रविवारी हा गृहस्थ घरात बसलेला कुणी पाहिलेला नाही. पाठीवर सॅक आणि पायात बूट चढवून ते कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असतात.

ठरलेली वाट त्यांनी कधी म्हणून सोडली नाही. धुकं आलं, चालले. अंगात ताप होता, चालले. एकदा भर उतारावर बुटाचा तळ गळून पडला, तर तो सुतळीने बांधून चालले. वाट बदलायला ती काय भाजी आहे का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जुना सोबती राकेश एकदा ढग बघून पुरंदरच्या निम्म्या वाटेवरून परत आला. त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण भालेराव अजून त्याला कुठेही भेटले, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, तर पहिलं वाक्य हेच, "काय राकेश, पोचलास का नीट घरी?"

हे सगळे पराक्रम रविवारी संध्याकाळी शालनबाईंना ऐकावे लागत. शालनबाई म्हणजे त्यांची बायको. भालेराव रंगवून रंगवून सांगत, कारण त्यांच्या मनात एक हेतू होता. हे ऐकून हिलाही यावंसं वाटेल, अशी त्यांना आशा होती. गोष्ट संपली की ते सहज विचारल्यासारखं विचारत, "येतेस का पुढच्या खेपेला?" शालनबाई हातातल्या कामावरून नजर न काढता म्हणत, "नको. तुम्ही या जाऊन." अशी बरीच वर्षं गेली. मग भालेरावांनी विचारणंच सोडलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते कुणाला दिसू दिलं नाही. राजगडाहून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर एक सपाट खडक आहे. तिथे बसून ते नेहमी शालनबाईंच्या हातची भाकरी खात, आणि दर खेपेला शेजारी एका माणसाची जागा सोडून बसत.

यंदा आश्विन पौर्णिमेला विहारातला वर्षावास संपला. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं आणि मग पुन्हा चालू लागायचं, ही जुनी रीत. शालनबाई त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला जात. शेवटच्या दिवशी त्या घरी आल्या, पांढऱ्या साडीचा डोक्यावरचा पदर मागे सारला आणि म्हणाल्या, "वर्षावास संपला. भिक्खू आता चालायला निघाले. मलाही न्या तुमच्या त्या राजगड-तोरण्याला."

भालेरावांना चहाचा ठसका लागला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "बरं." पुण्यात याहून जास्त आनंद दाखवायची पद्धत नाही. पण आतून हा माणूस नाचत होता. आणि घाबरलाही होता, कारण शालनबाईंचा होकार कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं. तो एकदा येतो. तो हुकला, तर त्या "मग राहू द्या" म्हणतात, आणि त्यांनी राहू द्यायचं ठरवलेली गोष्ट आजवर कुणी हलवलेली नाही.

मग तयारी सुरू झाली. तीन दिवस, दोन मुक्काम. पहिली रात्र राजगडावरच्या देवळात, दुसऱ्या दिवशी धारेवरून चालत तोरणा, तिसऱ्या दिवशी वेल्ह्यात उतरायचं. भालेरावांनी सॅकमध्ये तूरडाळीच्या पिशव्या भरून ती बायकोच्या पाठीवर दिली आणि इमारतीच्या जिन्यावर चढउतार करायला लावली. लिफ्ट बंद पडली का, असं शेजारच्यांनी विचारलं. शालनबाई म्हणाल्या, "लिफ्ट चालू आहे. हे बंद पडायचं नाव घेत नाहीत."

निघायला दोन दिवस उरले असताना वाघोलीहून मुलीचा, अक्षताचा, फोन आला. "पप्पा, घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट आहे. विजा, वारा, सगळं. प्लीज सीरियसली घ्या, त्या रिजवर मम्मीला नका नेऊ."

भालेराव हसले. हवामानखात्याच्या बाबतीत ते जुन्या पुणेकरांचा नियम पाळत: वेधशाळेनं पाऊस सांगितला की पापड वाळत घालावेत. अक्षताने पाठवलेला नकाशा त्यांनी शालनबाईंना दाखवला आणि म्हणाले, "म्हणजे ऊन नक्की." शालनबाई नकाशा बघून म्हणाल्या, "हो ना. तुम्ही ठरवलंय म्हणजे ठरलंय."

इथून पुढचे दोन दिवस त्या घरात जे चाललं, त्याला नाटक हाच शब्द. गॅलरीतून दिसणारं खडकीकडचं आभाळ तव्यासारखं काळं झालं होतं. त्याच्याकडे बघत भालेराव म्हणत, "छान उघडलंय." शालनबाई दोरीवरचे कपडे भराभर काढत म्हणत, "हो, लख्खच आहे." संध्याकाळी गडगडलं, तेव्हा भालेरावांनी वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय असं सांगितलं. शालनबाईंनी ते मान्य केलं. त्यांचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे.

खरी गोष्ट अशी, की भालेरावांचा धीर पहिल्याच गडगडाटात सुटला होता. एकटे असते तर ते वेधशाळेच्या नाकावर टिच्चून गेले असते. पण ती धार त्यांना पाठ होती. तासन्‌तास झाड नाही, छप्पर नाही, आणि तोरण्याजवळ चढायला लोखंडी शिडी. त्या शिडीवर त्यांना सारखा शालनबाईंचा हात दिसायला लागला.

दुसरी वाट त्यांनी मनात शोधूनही ठेवली होती. जुन्नर. गावाच्या चहूबाजूंच्या टेकड्यांमध्ये लेणीच लेणी. सॅक पाठीवर घेऊन रोज एका बाजूची लेणी बघायची, रात्री गावात उतरायचं, आभाळ भरून आलं की दगडी छताखाली बसायचं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी पावसाळे काढले ते तिथेच. शालनबाईंसाठी याहून चांगली वाट शोधून सापडली नसती. पण सांगणार कोण? तिने नाव घेऊन राजगड-तोरणा मागितला होता. ती "मग राहू द्या" म्हणाली तर? त्या तीन शब्दांच्या भीतीने कचरू भालेराव गप्प बसले.

ठरल्या दिवशी सकाळी दोघं सिटी बसने सगळं शहर ओलांडून स्वारगेटला आले. राजगडाच्या फाट्यावरून जाणारी वेल्ह्याची एसटी उभी होती. वाहक आत बसून खारे दाणे खात होता. पश्चिमेला वीज चमकली आणि स्टँडवरच्या कुत्र्यांनीसुद्धा छपराखाली जागा धरली.

"चला," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी एसटीच्या पायरीवर पाय ठेवला. दांडीला धरलेला त्यांचा हात भालेरावांना दिसला. लोखंडी दांडी, आणि तिच्यावर काचेच्या हिरव्या बांगड्या.

"शालन, उतर खाली," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

शालनबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला आपण बऱ्याच दिवसांनी पाहतो. भालेराव घाईघाईने सांगत सुटले. धारेवर विजा असतात, आडोसा नसतो, पुढे ती लोखंडी शिडी, आपण जुन्नरला जाऊ, तिकडे पाऊस कमी, लेणी आहेत, तीन दिवस चालायलाही भरपूर आहे, फक्त राहू द्या म्हणू नकोस. शेवटचं त्यांना बोलायचं नव्हतं, पण ते निसटलं.

"मी कशाला राहू द्या म्हणेन?" शालनबाई म्हणाल्या. "मी तर परवापासून घाबरलेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या वर्षांनी इतके खूश होतात. कसं बोलू? आणि एक सांगू? दर रविवारी तुम्ही सांगायचात, ताप होता तरी गेलो, ढग होते तरी गेलो. माघारी फिरता येत नाही अशा माणसाबरोबर डोंगरात जायची मला भीती वाटायची. म्हणून नको म्हणत होते."

"मग यंदा का आलीस?"

"तुमचे गुडघे आता जिन्यावर आवाज करतात. म्हटलं, काही झालंच तर माणूस एकटा नको."

आपण जिला बोलावण्यासाठी वर्षानुवर्षं गोष्टी सांगितल्या, तिला त्याच गोष्टींनी घरात बसवलं होतं. ही अक्कल भालेरावांना भर स्वारगेटला, सॅक पाठीवर असताना आली, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. मग हसूही आलं.

जुन्नरच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटतात. "म्हणजे आपल्या घराजवळूनच," शालनबाई म्हणाल्या. दोघांनी सगळं शहर पुन्हा उलट ओलांडलं. वाटेत भालेरावांनी राकेशला फोन लावला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की आपण आज परत फिरलो. राकेश म्हणाला, "पोचलात का नीट घरी?" आणि त्याने फोन ठेवला. या वाक्यासाठी तो किती वर्षं थांबला होता, ते भालेरावांना त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या एका लेण्यात दोघं कोरडी बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि लांब घाटमाथ्याच्या बाजूला विजा एकापाठोपाठ एक उतरत होत्या. अक्षताचा मेसेज आला होता, की तोरण्याकडे खूप वारा आहे. आतल्या खोलीत दगडातच कोरलेला ओटा होता, एका भिक्खूला निजता येईल एवढा. शालनबाईंनी त्याला हात लावून नमस्कार केला, मग बाहेरच्या पडवीत येऊन डबा उघडला आणि ठेचा वाढला.

"पुढच्या वेळी राजगडाला जाऊ," त्या म्हणाल्या. "आभाळ कोरडं बघून. आणि ती शिडी मला लांबूनच दाखवा."

शिडीचं भालेरावांच्या कानात शिरलंच नाही. ते "पुढच्या वेळी" पाशीच थांबले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिथे धुकंही नव्हतं.

"शालन," ते म्हणाले, "तू आलीस, मला फार बरं वाटलं."

"दिसतंय," शालनबाई म्हणाल्या. "भाकरी खा आता."