शालनताई आणि दोन सावल्या

कवठे महांकाळच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी साताऱ्याहून तीन गाड्या बदलून आले होते. ट्रंक हातात, केसांत धूळ. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळ एक सावळ्या, उंच बाई पेपर तपासत बसल्या होत्या. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "या शालन बनसोडे, इंग्रजीच्या." इंग्रजीच्या म्हटल्यावर आपणही कमी नाही हे दाखवायला मी म्हणाले, "द ट्रॅव्हल वॉज व्हेरी टायरिंग."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जर्नी," त्या म्हणाल्या. "ट्रॅव्हल म्हणजे सगळं हिंडणं-फिरणं. आत्ता तू साताऱ्याहून इथं आलीस ना, ती जर्नी. बस. आधी पाणी पी."

मला राग यायला हवा होता. पण त्यांनी तांब्या असा काही पुढे केला, की मी हसतच सुटले. आठवड्याभरात त्या माझ्या शालनताई झाल्या, मी त्यांची विजू झाले आणि महिन्याभरात मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत भाड्यानं राहायला गेले.

इंग्रजीतलं नाम चुकीच्या जागी पडलेलं त्यांना खपत नसे. पण त्या कधी कुणावर खेकसल्या नाहीत. चुकलेला शब्द हातात घेऊन त्या अशा खुलत, की चुकणाऱ्यालाच आपण वर्गाला काहीतरी दिलं असं वाटे. "मराठीनं दोन अर्थांना एका घरात नांदवलंय, इंग्रजीनं वाटण्या केल्यात," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "शब्द जुळ्या बहिणींसारखे दिसले, तरी त्यांची सासरं वेगळी असतात. आधी सासर बघा, मग हाक मारा." वर्गात एखादी मुलगी मिस्टेक आणि फॉल्ट यांत अडखळली, की म्हणत, "मिस्टेक आपण करतो, फॉल्ट लोक काढतात!" कळपाला काय म्हणायचं हे शिकवताना त्यांनी मेंढपाळांच्या घरातल्या पोरांनाच पुढं उभं केलं होतं. मेंढरांचा फ्लॉक, म्हसरांचा हर्ड. ती पोरं घरी जाऊन बापाला सांगत, "आबा, आपला फ्लॉक हाय!"

घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. वडील लवकर गेलेले. आईनं द्राक्षबागांतून मजुरी करून लेकीला बी. एड. पर्यंत शिकवलं होतं. ताई तिशी ओलांडून गेल्या होत्या. स्थळं येत, पण कुणाला त्यांनी नोकरी सोडायला हवी असे, तर कुणाला सासू नको असे. संध्याकाळी आई माझ्या दारात येऊन बसे. "मास्तरीणबाई, माझ्यामागं हिचं कोण हाय वो? तुमी तरी सांगा तिला." मी सांगत असे. ताई ऐकून घेत आणि मला चहा देत.

दिनकर साबळे आले ते दहावीच्या ग्रुप फोटोसाठी. सांगलीत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. सकाळचं तिरपं ऊन, बाजूला लिंबाचं झाड, मुलं बाकांवर चढलेली, शिक्षक खुर्च्यांत, आणि ताई एका बाजूला उभ्या राहून मुलांच्या रांगा सरळ करत होत्या. साबळे कॅमेऱ्यात डोकावून ओरडले, "आवं बाई, जरा सावलीत सरका की! तुमची सावली पोरांच्या तोंडावर पडतीया."

ताई सरकल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा उजळला, की आम्ही समजलो, आता फोटो लांबणार. "ऐकलं का रे पोरांनो? यांनी एका दमात दोन सावल्या सांगितल्या. मला बोलावली ती लिंबाची शेड. तुमच्या तोंडावर पडली ती माझी शॅडो. शेडमध्ये बसता येतं, शॅडो आपल्यामागं चालते." सगळा वर्ग उन्हात उभा राहून शिकत होता. साबळे कमरेवर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमच्या धंद्यात जन्म गेला दोन्ही सावल्या बघण्यात. त्या येगळ्या हायेत, हे आज कुणीतरी सांगितलं." मुलं खदखदून हसली आणि तेवढ्यात त्यांनी खटका दाबला.

फोटो पोस्टानंही आले असते. पण साबळे स्वतः घेऊन आले, तेही शाळेत नाही, घरी. आईनं पहिल्याच भेटीत साबळ्यांचे आणि बनसोड्यांचे पाहुणे मिरजेकडे कुठं जुळतात ते शोधून काढलं. पुढच्या खेपेला ते मोठा करून आणलेल्या फोटोचं निमित्त काढून आले, त्याच्या पुढच्या खेपेला निमित्तच नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "बाई, पाव्हण्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"दोन शब्द आहेत," ताई म्हणाल्या. "आपल्या कामानं येतो तो व्हिजिटर. ज्याला आपण बोलावतो तो गेस्ट."

"मग मी?"

"सध्या व्हिजिटर."

मी पलीकडच्या खोलीत तोंडाला पदर लावून बसले होते.

रीतसर बोलणी करायला साबळ्यांबरोबर त्यांची थोरली बहीण आली. आक्का बोलायला चोख. नोकरी सोडून सांगलीला यावं लागेल, आईला गावाकडं पुतण्याजवळ ठेवता येईल, असं त्यांनी चहा होण्याआधीच सांगून टाकलं. ताईंनी त्या दिवशी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. "आक्का, मी नोकरी सोडणार नाही आणि आईलाही सोडणार नाही," एवढंच म्हणाल्या. साबळे खाली मान घालून बसले होते. चहा तसाच राहिला आणि मंडळी उठली.

नंतर बरेच दिवस सांगलीकडून काही कळलं नाही. "लय शिकवलं, त्येचं ह्ये फळ," म्हणून आई चुलीपुढं डोळे पुसायची. ताई वर्गात नेहमीसारख्या शिकवत. घरी आल्यावर मात्र उशिरापर्यंत पेपर तपासत बसत.

एका रविवारी दारात टेम्पो थांबला. मागं तिवई, दिवे, धबधबा रंगवलेला पडदा, आणि पुढून साबळे उतरले. "बाजारपेठेत गाळा घेतलाय," ते म्हणाले. "लग्नं काय सांगलीतच होत्यात व्हय? हितल्या लोकांनीबी फोटो काढावा की."

आई म्हणाली, "आणि आक्का?"

"आक्काला दमानं समजावलं. लाडू वळायला ती चार दिवस आधी येणार हाय, पण तुमी व्हय म्हटलं तर." मग ताईंकडं वळून ते हळूच म्हणाले, "आज मी कोण, बाई?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "आज दोन्हीपैकी कुणी नाही. आत या."

लग्न गावच्या विहारात झालं. पांढऱ्या साडीतल्या ताई इतक्या शांत मी कधी पाहिल्या नव्हत्या. शांत नव्हता तो नवरदेव. फोटो काढायला आलेल्या मित्राला तो पंचशील चालू असतानाच खुणा करत होता, उजेड मागून येतोय, बाजूला सर. शेवटी भंतेजी थांबले. "नवरदेव, आज तुमचा फोटो काढायचा आहे. बसा." सगळा विहार हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं आक्का.

पुढं संस्थेनं माझी साताऱ्याच्या शाळेत बदली केली. निघताना सगळे मला स्टँडवर पोचवायला आले. साबळ्यांच्या कडेवर त्यांची लेक होती आणि आईच्या हातात माझ्यासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. संध्याकाळची पाचची गाडी. अलीकडं आई नातीबरोबर इंग्रजी शिकायला लागली होती. गाडी हलली, तशी तिनं हात वर केला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "गुड मॉर्निंग, मास्तरीणबाई!"

मी ताईंकडं पाहिलं. साबळ्यांनीही पाहिलं. ताईंचं तोंड सवयीनं उघडलं, बोटही वर झालं. मग त्यांनी आईच्या खांद्यावर हात टाकला आणि तिच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "गुड मॉर्निंग, विजू!"

मावळतीचं ऊन गाडीत आलं होतं. कंडक्टर हसत होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत, गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग असं ओरडत राहिले.