रफीकनं सायबाचं ऐकायचं ठरवलं

उन्हाळ्यात आमच्या नेर गावाले दुपारची लाइट गेली की आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बंद, कुलर बंद, अन् तोंडं चालू! भाव वाढंल म्हणून घरात भरून ठेवलेल्या कापसासारखे किस्से साचले आहेत आमच्याजवळ. फरक एवढाच, की आमच्या मालाले गिऱ्हाईक लगेच भेटते. आता तुम्ही आलेच आहा तर बसा, लाइट काही तासभर येत नाही.

आमचं ऑफिस बियाणं कंपनीचं. हिशोबाले मी, रिटायरमेंटले टेकलेले वानखडे भाऊ, अन् फिल्डवर रफीक. हा रफीक मले काकू म्हणते. माझ्यापेक्षा थोडासाच लहान आहे मेला! या आमच्या सुखी संसारात पुण्याहून नवे साहेब आले.

ते आल्या आल्या रफीक सुट्टी मागाले गेला. मे महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. बाप नाही, घरात कर्ता हा एकटाच. सायबानं तारीखसुद्धा इचारली नाही.

"सीझनमध्ये सुट्टी नाही. आणि लग्न बहिणीचं आहे ना, तुझं तर नाही?"

रफीक "ठीक आहे सर" म्हणून बाहेर आला. डोळे भरले होते त्याचे. मले असा संताप आला! म्हटलं, "काहून रे, भांडला काहून नाही?"

"भांडलो तर मेमो भेटन, काकू. आता मी सायबाचं ऐकतो. सगळं ऐकतो!"

*

पहिलं फर्मान निघालं, फिल्डवर टाय पाहिजे. मे महिन्यात! यवतमाळ जिल्ह्यात! इथं माणूस बनियनवर कसाबसा जगून राह्यला, अन् म्हणे टाय!

रफीकनं डोक्याले दुपट्टा गुंडाळला, गळ्यात टाय लावला अन् गाडीले किक मारली. गावात शिरला तर पारावरची माणसं पटापट घरात. दारं बंद! एक म्हातारा तेवढा मागं राह्यला, त्याचे गुडघे दुखत होते. त्यानं तिथूनच हात जोडले.

"बापा, माह्याजवळ विम्याच्या दोन पॉलिश्या आहेत. तिसरी नाही घेत मी!"

रफीकनं त्याचा व्हिडिओ सायबाले पाठवला. खाली लिहिलं, "टाय घातला आहे सर." दुसऱ्या दिवशी टाय कॅन्सल झाला.

*

मंग साहेब म्हणे, "फिल्डवर काय काय करतोस, प्रत्येक गोष्टीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. प्रत्येक!"

झालं. गाडीचा फोटो. पंक्चरचा फोटो. कास्तकाराचा, कास्तकाराच्या बैलाचा, त्यानं पाजलेल्या चहाचा फोटो. चहा करणाऱ्या त्याच्या सासूचा, अन् सासूनं "पाय सुजला बापू" म्हटलं तर त्या पायाचाही फोटो!

आठवड्यात सायबाचा फोन फुल्ल. लेकीच्या वाढदिवसाले केक कापाची वेळ आली अन् फोटोच निघेना. घरी काय बोलणी खाल्ली असन, ते त्यायलेच माहीत. सोमवारी म्हणे, "रफीक, फोटो पुरे."

"जशी आज्ञा सर," म्हणून त्यानं या आज्ञेचाही एक फोटो टाकला.

*

आता मी काही रफीकपेक्षा कमी नाही. आमच्या कुलरची मोटर जळली. मी सांगाले गेली तर साहेब एसीत बसून म्हणतात, "मॅडम, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका. सोल्युशन घेऊन या!"

बरं बावा. मी वानखडे भाऊले हाक मारली. दोघांनी मिळून माझं टेबल उचललं अन् सरळ सायबाच्या केबिनात नेऊन ठेवलं. मागून प्रिंटर. मागून पाण्याचा माठ. मागून वानखडे भाऊची खुर्ची, अन् खुर्चीवर वानखडे भाऊ.

"हे काय चाललंय?"

"सोल्युशन, सर!"

संध्याकाळच्या आत नवी मोटर लागली. खरं सांगू, एसी सोडून परत याले माझा जीव होत नव्हता.

*

वानखडे भाऊ तर सगळ्यायचे गुरू. सायबानं एका मीटिंगमध्ये आम्हाले डोळे मिटाले लावले. म्हणे, टार्गेट डोळ्यांसमोर आणा, रोज आणा. भाऊले हे फार पटलं. रोज जेवण झाल्यावर ते टार्गेट आणाले लागले.

एक दिवस सायबानं टेबल वाजवलं. "वानखडे, झोपलात?"

"नाही सर. टार्गेट पाहून राह्यलो."

"मग घोरत का होतात?"

"लय मोठं टार्गेट आहे सर. चढाव लागला!"

*

हसता हसता लग्न जवळ आलं. रफीकची माय रोज संध्याकाळी इचारे, "छुट्टी मिली क्या?" अन् हा रोज मान खाली घाले. एकुलती एक बहीण, अन् भाऊच मांडवात नाही म्हणजे काय? मलेही जेवण गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात पुण्याहून हुकूम आला. शेतकरी मेळावा घ्या, मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर पाहतील. सायबानं घाबरून रफीकले बोलावलं.

"मला पाचशे शेतकरी एका मांडवात पाहिजेत!"

"आणतो सर. पण तारीख मी ठरवीन."

"ठरव."

"जेवण द्या लागंल. तो खर्च माझ्याकडं. पण आदल्या दिवशीपासून मले तिथंच राहा लागंल."

"राहा ना! मांडव, जेवण, पाहुणे, सगळं तूच बघ. ऑफिसात पाय ठेवलास तर बघ!"

मी टेबलाखाली तोंड घालून हसली.

ठरलेल्या दिवशी मी, वानखडे भाऊ अन् साहेब बॅनर घेऊन लॉनवर पोचलो. माणसंच माणसं! दारात शेरवानी घालून रफीक, अत्तराचा घमघमाट. सायबाचा चेहरा पाहासारखा झाला.

"रफीक, हे काय आहे?"

"मेळावा, सर! नेर, बाभुळगाव, आर्णी, सगळीकडचे कास्तकार आहेत. कोणालेही इचारा, किती एकर!"

सायबानं तोंड उघडलं, पण बोलाले सवडच भेटली नाही. रफीकच्या मामानं गळ्यात हार घातला, शाल पांघरली. माइकवाला ओरडला, "पुण्याहून खास लग्नासाठी आलेले साहेब!" रफीकच्या भावकीतल्या पोट्ट्यायनं आमचं बॅनर घेतलं अन् नवरदेवाच्या मागंच बांधून टाकलं. "भरघोस उत्पादनाची हमी!"

मंग रफीकची माय आली. सायबासमोर उभी राह्यली, डोळ्याले पदर लावला.

"साहब, आपने मेरे बेटे को छुट्टी दी. अल्लाह आपके बच्चों को खुश रखे."

कोणीतरी सायबाच्या हातात जर्द्याची, म्हणजे गोड केशरी भाताची, प्लेट दिली. अन् नेमका तेव्हाच फोन वाजला. पुण्याचे मोठे साहेब, व्हिडिओवर! सायबानं फोन मांडवाकडं फिरवला.

"वा, वा! काय गर्दी आहे! आणि ते स्टेजवर बसलेत, फुलांनी झाकलेले, ते कोण? प्रगतिशील शेतकरी का?"

सायबानं एकदा रफीककडं पाह्यलं, एकदा त्याच्या मायकडं.

"नाही सर," ते म्हणाले, "ते आमचे जावई आहेत."